क्लबहाऊसमध्ये मोबाइल चालू द्यावा का? वाचकांचे प्रश्न

या विषयावर पूर्वी लिहून झालंय, तरी पत्रं थांबत नाहीत. घोळ प्रत्येक पत्रात तोच असतो: मैदानावरचा नियम, क्लबहाऊसचा नियम आणि साधी रीतभात यांची सरमिसळ. मी बरीच वर्षं गोल्फ क्लबांचं सचिवपद सांभाळलं, स्पर्धांत रेफरी म्हणून उभा राहिलो आणि आता क्लबांना नियमावली लिहायला मदत करतो. तक्रार घेऊन आलेला सभासद माझ्यासमोर बसलाय आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आली तोही बसलाय. म्हणून पुन्हा एकदा, जमेल तेवढं स्पष्ट लिहितो.

प्रश्न : आमचे कॅप्टन म्हणतात, गोल्फच्या नियमांतच मोबाइलला बंदी आहे, त्यामुळे ती क्लबहाऊसलाही आपोआप लागू होते. खरं का?

दोन्ही चूक. गोल्फचे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात आणि ते खेळापुरते आहेत. तुमच्या लाउंजमध्ये कोणी काय करावं हे त्यांत कुठेही लिहिलेलं नाही. मैदानावरसुद्धा फोनला सरसकट बंदी नाही. २०१९च्या नियमांपासून अंतर मोजायला मुळातच परवानगी आहे. कमिटीला ते नको असेल तर तिला तसा स्थानिक नियम करावा लागतो. मूळ नियमानुसार चढ-उतार मोजता येत नाही, वारा उपकरणानं मोजता येत नाही. हवामानाचा अंदाज मात्र बघता येतो. आजूबाजूचा आवाज कानांवर पडू नये किंवा स्विंगला ताल मिळावा म्हणून गाणी ऐकता येत नाहीत. पहिल्यांदा चुकलात तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा बाद.

क्लबहाऊसचा नियम क्लबच्या घटनेतून आणि उपविधींतून येतो. कॅप्टनना ती घटना उघडून दाखवायला सांगा.

प्रश्न : फोन व्हायब्रेटवर ठेवला तर चालेल ना?

खिशात असेल तर चालेल. लाकडी टेबलावर ठेवाल तर अख्ख्या टेबलाला कळेल.

प्रश्न : पावसाळी हवेत खिशातला मोबाइल वीज ओढून घेतो, म्हणून तो क्लबहाऊसमध्ये जमा करून मैदानावर जायचं असा आमच्याकडे आग्रह असतो.

मोबाइल वीज ओढून घेत नाही. ही ऐकीव गोष्ट आहे आणि ती धोक्याची आहे, कारण तिच्यामुळे माणूस संकटात फोनविना राहतो. खरा धोका उघड्या मैदानावर उभं राहण्यात आहे, एकट्या झाडाखाली आसरा घेण्यात आहे. स्पर्धेत धोक्यामुळे खेळ ताबडतोब थांबवल्याचा इशारा झाला की पुढचा एक फटकाही मारायचा नसतो. सरळ क्लबहाऊस गाठा. विजा चमकत असताना तारेला जोडलेला जुना फोन मात्र कानाला लावू नका.

प्रश्न : अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स या गोल्फ स्पर्धेत प्रेक्षकांना मोबाइल आत नेता येत नाही. तिथे जमतं, मग आपल्याला का जमू नये?

हे उदाहरण देणारे त्याची दुसरी बाजू कधी सांगत नाहीत. ऑगस्टाला फोन आत नेता येत नाही हे खरं, पण प्रेक्षकांसाठी मैदानावर जागोजागी फुकट वापरायचे टेलिफोन ठेवलेले असतात. म्हणजे बंदी घालताना पर्यायाची सोय केलेली आहे. शिवाय तो मोजक्या दिवसांचा सोहळा. ब्रिटनमधल्या द ओपन या स्पर्धेत २००६ साली फोन आणि कॅमेऱ्यांचा त्रास झाल्यावर आर अँड एनं प्रेक्षकांच्या फोनवर बंदी घातली, आणि २०१२पासून ती अटींसह उठवली.

तुमच्याकडे तेच सभासद बाराही महिने येतात. २०२०मध्ये जागतिक हॅण्डिकॅप पद्धत (खेळाडूची पातळी आकड्यात मांडणारी) सुरू झाल्यापासून फेरीचा स्कोअर शक्यतो त्याच दिवशी भरणं अपेक्षित असतं, आणि बऱ्याच ठिकाणी तो ॲपवरून भरतात. नियमांचं अधिकृत पुस्तकही फोनवर मिळतं. एकीकडे ‘स्कोअर ॲपवर भरा’ आणि दुसरीकडे ‘फोन गाडीत ठेवून या’ अशा दोन पाट्या मी एकाच दारावर पाहिल्या आहेत.

माझं मत कधीच बदललेलं नाही. बंदी फोनवर नको, फोननं जे केलं जातं त्यावर आणि जिथे केलं जातं त्या जागेवर हवी. बोलणं, स्पीकर लावणं, व्हिडिओ कॉल, फोटो आणि निःशब्द वापर या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. व्हरांडा, लाउंज, डायनिंग हॉल, स्कोअर रूम आणि लॉकर रूम या पाच वेगळ्या जागा आहेत. कुठे काय चालेल हे कमिटीनं एका कागदावर लिहावं, सभासदांचं म्हणणं ऐकावं आणि मग दारावर लावावं.

प्रश्न : शेजारच्या टेबलावर दोघं मोठ्यानं गप्पा मारतात ते चालतं, मग एकट्यानं फोनवर बोललेलंच का खटकतं? हा निव्वळ जुन्या लोकांचा हट्ट नाही का?

हट्ट नाही. २०१०मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. दोघांचं पूर्ण संभाषण कानांवर पडताना माणसाचं हातातल्या कामावरचं लक्ष जितकं ढळतं, त्यापेक्षा एकाच बाजूचं बोलणं ऐकताना जास्त ढळतं. पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि मन नको असताना तिकडे ओढलं जातं. म्हणून लाउंजमध्ये कॉल नको म्हणणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला तिरसट ठरवू नका. कॉल आला तर उठा आणि व्हरांड्यात जाऊन बोला.

प्रश्न : स्कोअर रूममध्ये ॲपसाठी फोन लागतोच. मग तिथे बोलायला मनाई कशाला?

कारण तिथली एक चूक माणसाला स्पर्धेतून बाहेर काढते. मी रेफरी असताना टेबलासमोर खेळाडू आणि त्याचा मार्कर, म्हणजे त्याचा स्कोअर लिहिणारा, असे दोघं बसले होते. मार्करनं खांदा उंचावून फोन कानाशी धरलेला, डाव्या हाताखाली कार्ड, उजव्या हातात पेन्सिल. पलीकडच्या माणसाला ‘हो, हो, पोचतोच’ म्हणत त्यानं चौदाव्या होलला पाच फटके झालेले असताना चार लिहिले. खेळाडूनं आकडे न पडताळता सही केली. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा असलेलं कार्ड परत दिलं की खेळाडू बाद, आणि चूक मार्करची असली तरी होलच्या स्कोअरची जबाबदारी खेळाडूवरच असते. तो मुलगा पहिल्या तिघांत होता. ॲप वापरा, पण आकडे मोठ्यानं वाचून जुळवा. शंका असेल तर कार्ड देण्याआधी कमिटीला विचारा, नंतर नाही.

प्रश्न : एका विक्रेत्यानं क्लबला सिग्नल अडवणारा जॅमर देऊ केलाय. ‘बटण दाबा, लाउंज शांत’ असं म्हणतो. घ्यावा का?

अजिबात नाही. अनेक देशांत खासगी व्यक्तीनं किंवा संस्थेनं जॅमर वापरणं हा गुन्हा आहे, आणि विक्रेता हे सांगत नाही. जॅमर बोलणारा आणि मदत मागणारा यांत फरक करत नाही. लाउंजमध्ये कोणाचं हृदय बंद पडलं तर छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या मिनिटात रुग्णवाहिकेला फोन लागला नाही तर कोणाला जाब विचारणार? फोन ठेवायच्या कुलूपबंद पिशव्या विकणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा. अशा कुठल्याही खरेदीआधी वकिलाचं लेखी मत घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर हृदयाला झटका देणारं यंत्र घ्या आणि ते वापरायचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्या.

प्रश्न : मी कमिटीत आहे. एका सभासदानं लॉकर रूममध्ये मित्रांचा फोटो काढला. मागे दुसरे एक सभासद कपडे बदलत होते. फोटो सभासदांच्या ग्रुपवर गेला. इतर म्हणतात, हेतू वाईट नव्हता, तीन महिन्यांनी वार्षिक सभा आहे, तेव्हा विषय घेऊ. तोवर काय करावं?

तोवर? हे पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. ज्या माणसाचा उघडा देह शेकडो लोकांच्या फोनमध्ये पडलाय, त्यानं तीन महिने त्याच लोकांसमोर बसून चहा प्यायचा?

आज करायची कामं आजच करा. ज्यांचा फोटो गेला त्यांना सचिवानं स्वतः भेटावं, क्लबची चूक मान्य करावी आणि त्यांना काय हवंय ते विचारावं. फोटो ग्रुपवरून काढायला लावा, पण तेवढ्यानं तो लोकांच्या फोनमधून जात नाही. म्हणून प्रत्येकाला लेखी कळवा की तो पुढे पाठवू नये. कमिटीतल्या कोणीही ‘पुरावा’ म्हणून तो एकमेकांना पाठवू नका. त्यानंही तोच अपराध पुन्हा घडतो. कधी, कुठे, कोणी काढला, कुठे टाकला याची शब्दांत नोंद ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाला गाठा. पुराव्याचं काय करायचं ते वकील सांगेल. फोटोत अठरा वर्षांखालचं मूल असेल तर क्लबची चौकशी वगैरे काही नाही. पालकांना कळवा आणि लगेच पोलिसांकडे जा. हेतू काय होता हे नंतर बघता येईल.

हेतूबद्दल मला एक सांगायचंय. एका क्लबमध्ये, नाव नको, मी सकाळी लॉकर रूममध्ये गेलो. बेसिनवरच्या फळीवर, कंगव्यांच्या बरणीला टेकवून एक फोन उभा होता. एक सभासद दाढी करता करता व्हिडिओ कॉलवर कामाचं बोलत होते. गालाला फेस, हातात वस्तरा, नजर आरशात. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांचा चेहरा होता आणि त्यांच्या खांद्यामागे बाकावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा भिजलेला टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढत होता. पलीकडे कोण बघत होतं, किती जण होते, त्या मुलाला माहीत नव्हतं. कॉलवरच्या सभासदांनाही ते लक्षात आलं नव्हतं. मी फोन पालथा केला. ते आधी भडकले, मग मागे वळून बघितलं आणि गप्प झाले. सज्जन माणूस, हेतू अगदी स्वच्छ. पण त्या मुलाच्या दृष्टीनं काय फरक पडला?

तेव्हापासून मी जिथे जिथे नियमावली लिहितो तिथे लॉकर रूमसाठी एकच ओळ असते: फोन दाराबाहेरच बॅगेत जाईल आणि आत असेपर्यंत बॅगेतून निघणार नाही. ‘फक्त फोटोला मनाई’ पुरत नाही. हातातल्या फोनवर माणूस निरोप वाचतोय की कॅमेरा चालू आहे, हे समोरच्याला कळायचा मार्ग नाही, आणि प्रत्येक वेळी त्यानं संशय का घ्यायचा? कॅमेरा असलेले चश्मे आणि घड्याळंही याच ओळीत येतात. बारच्या कोपऱ्यात कोणी फोनवर बोललं तर मी समजून घेईन. इथे सवलत नाही, अध्यक्षांनासुद्धा नाही. मुलांना खेळायला पाठवणाऱ्या पालकांनी क्लबच्या सचिवाला हा नियम लेखी मागावा. नसेल तर कधी होणार तेही विचारावं.

प्रश्न : मी डॉक्टर आहे, रात्रंदिवस कॉल येऊ शकतो. माझ्या खेळातल्या जोडीदाराचं साखर मोजणारं यंत्र फोनला जोडलेलं आहे. आमच्यासाठी काय?

सूट, आणि तीही न मागता. साखर खाली गेल्याचा इशारा देणारा आवाज बंद करायला कोणीही सांगू नये. श्रवणयंत्र फोनला जोडणाऱ्यांचंही तेच. पण सूट आवाज ऐकण्याची आहे, लाउंजमध्ये बसून रुग्णाबद्दल बोलण्याची नाही. त्यासाठी उठून बाहेर जाल याची मला खात्री आहे. आजाराचे कागद कमिटीसमोर मांडायला लावू नका. सचिवाला सांगितलं की पुरे. यंत्राच्या इशाऱ्याची पातळी किती ठेवावी हे जोडीदारानं आपल्या डॉक्टरांना विचारावं, क्लबच्या नियमाकडे बघून बदलू नये.

प्रश्न : नियम मोडल्यास दंड किती असावा?

आधी घटनेत दंडाची तरतूद आहे का ते वकिलाकडून तपासून घ्या. नसेल तर वसूल केलेला दंड परत द्यावा लागू शकतो.

आणि रकमेच्या आधी, नियम मोडणाऱ्याला सांगणार कोण ते ठरवा. बहुतेक क्लबांत ते काम वेटरच्या गळ्यात पडतं. हातात ट्रे घेतलेला विशीतला मुलगा, समोर मोठ्या हुद्द्यावरचे सभासद स्पीकरवर बोलतायत, आणि व्यवस्थापक दुरून खुणा करतोय की सांग. तो सांगत नाही. मग तोच नियम पाहुण्यांना आणि नवख्या सभासदांना मात्र जोरात ऐकवला जातो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता सुरुवातीलाच अट घालतो: रोज एका कमिटी सदस्याचं नाव फलकावर लागेल, सांगायचं काम त्याचं. कर्मचारी फक्त त्याला कळवतील.

प्रश्न : माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आठवड्यातून एकदा मी खेळायला येते, तेवढाच मला विसावा. नवा नियम आला तर मला येणंच बंद करावं लागेल, अशी भीती वाटते.

येणं बंद करू नका. फोन चालू ठेवा, व्हायब्रेटवर, खिशात. क्लबच्या काउंटरचा नंबर घरी आईजवळ असणाऱ्या व्यक्तीला द्या आणि तुम्ही मैदानावर किती वाजेपर्यंत असाल ते काउंटरवर लिहून ठेवा. डायनिंग हॉलमध्ये व्हरांड्याच्या दाराजवळचं टेबल मागून घ्या. नियम मंजूर व्हायच्या आधी, याच आठवड्यात सचिवांना भेटा आणि हे पत्र जसं मला लिहिलंत तसंच त्यांना द्या.