टेनिसमध्ये व्हॉली (चेंडूचा टप्पा पडण्याआधीच हवेत मारलेला फटका) मारताना चेंडू सारखा जाळ्यात जातो, पाय नेमके कसे टाकायचे?

तुमचा हात बहुतेक ठीकच असेल, चूक पायांत आहे. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागायच्या क्षणी तुम्ही अजून नेटकडे धावत असता. त्या क्षणी थांबा: छोटीशी उडी, दोन्ही पाय खांद्यांएवढे फाकलेले, वजन चवड्यांवर. यालाच स्प्लिट स्टेप म्हणतात. ही एक सवय लागली तरी निम्मं काम होतं.

मग चेंडूची दिशा दिसली की उजव्या हाताने खेळणाऱ्याने फोरहँडला डावा पाय तिरका पुढे टाकायचा, बॅकहँडला उजवा. पाऊल आणि फटका जवळजवळ एकत्र पडले पाहिजेत. रॅकेट मागे नेऊच नका. कॉन्टिनेन्टल ग्रिप (हातोडी धरतो तशी रॅकेटची पकड), मनगट घट्ट, चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा.

खाली आलेल्या चेंडूला मात्र गुडघे वाकवा, अगदी मागचा गुडघा जमिनीला टेकेल इतके. आपण कंबरेत वाकतो, रॅकेटचं तोंड खाली झुकतं आणि चेंडू जाळ्यात. लिअँडर पेसचे नेटजवळचे जुने व्हिडिओ बघा, पण चेंडू सोडून फक्त त्याच्या पायांकडे.

सरावाला भिंतीपासून तीनेक मीटरवर उभे राहा आणि प्रत्येक फटक्याआधी ती छोटी उडी घ्याच.