रातवा आणि पिंगळा एकच का?

तासगावकडच्या एकांनी विचारलंय की त्यांची आजी रात्री गाडीवाटेत बसणाऱ्या पाखराला पिंगळाच म्हणायची, आता पोराच्या पुस्तकात त्याच चित्राखाली रातवा छापलंय, तर हे एकाच पक्ष्याचे दोन शब्द आहेत का?

नाही, पाखरं दोन आहेत. पण आजीची गल्लत समजण्यासारखी आहे, दोघंही अंधार पडला की बाहेर पडतात, दोघंही किडे खातात, आणि दोघांचंही अंग मातकट तपकिरी.

पिंगळा हे घुबडच, फक्त वीतभर. गोल डोकं, पिवळे डोळे, अंगावर पांढरे ठिपके, आणि बसणं ताठ. संस्कृत पिंगल म्हणजे तांबूस-पिवळट रंग, आपला पिंगट तिथलाच, तर हे नाव रंगावरून आलं. आमच्या जुन्या घराच्या भिंतीत एक दगड निघालेला होता, त्या भोकात पिंगळ्याची जोडी होती आणि दिवेलागणीला एक जण दाराशी येऊन आधी मान वरखाली करून आमच्याकडे बघायचा मग खांबाच्या दिव्याखाली झेप टाकून भुंगेरा पायाच्या नख्यांत धरून आणायचा. उंदीर, पाल मिळाली तरी सोडत नाही.

रातव्याचा पाय मात्र अगदी दुबळा, नख्यांत काही धरणं त्याला जमत नाही. त्याचं सगळं तोंडात आहे. चोच बघाल तर इवलीशी, पण उघडली की जबडा पार डोळ्यांखालपर्यंत फाकतो, कडेला राठ केस, आणि उडता उडताच पतंग आत. त्याला घुबडांत धरू नका, नात्याने तो पाकोळीला जवळचा. बसतो जमिनीला चिकटून, दिवसा वाळक्या पाल्यात दोन हातांवर असला तरी दिसत नाही. घरटं करतच नाही, उघड्या जमिनीवर बहुतेक दोन अंडी. त्याचं शास्त्रीय नाव कॅप्रिमल्गस, लॅटिनमध्ये अर्थ शेळीचं दूध काढणारा. तो रात्री शेळ्यांना पितो असा युरोपात जुना समज होता, खरं तर जनावरांभोवती किडे असतात म्हणून तो तिथं घुटमळतो.

मराठी नाव त्यापेक्षा किती सरळ बघा, रातकिडा, रातराणी, रातांधळा आणि रातवा, एकाच घरातले शब्द वाटतात. (घुबडाला आपल्याकडं दिवाभीत पण म्हणतात, म्हणजे दिवसाला भ्यालेला.) चालवायचा असा: एक रातवा, दोन रातवे, रातव्याची अंडी.

मग आजी पिंगळा का म्हणायची? मला वाटतं त्याला कारण पिंगळा जोशी. पहाटे कंदील आणि कुडबुडं घेऊन दारात येऊन भविष्य सांगणारा, त्याला पिंगळ्याची भाषा कळते अशी समजूत, म्हणून माणसालाही तेच नाव. त्यामुळं हा शब्द घराघरात पोचला आणि रातवा शब्द माळावरच राहिला, रात्रीचं कुठलंही छोटं पाखरू मग पिंगळाच.

रातव्यातही आपल्याकडं निदान दोन सापडतील. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर भारतीय रातवा, मानेमागं तांबूस पट्टा, आणि आवाज म्हणजे फरशीवर गोटी टाकली की ती टक, टक, टकटक करत थांबते ना, हुबेहूब तसा. कोयना, चांदोलीच्या झाडीत जंगली रातवा, जास्त राखाडी, मानेवर तो पट्टा नाही आणि चुक चुक एकाच लयीत लांबवर चालू.

गेल्या उन्हाळ्यात माणमध्ये गाडीच्या उजेडात रस्त्यावर दोन लाल निखारे दिसले, मी ब्रेक मारला तरी ते पाखरू हललं नाही, अगदी चाकाशी आल्यावर आवाज न करता तरंगत उठलं. आजीनं गाडीवाटेत बघितलेला तो हाच, रातवा. रात्री तिकडनं जाताना गाडी जरा हळू घ्या, हे उजेडाला दिपून बसूनच राहतात आणि चाकाखाली येतात.