तालमीसाठी आठवीतूनच शाळा सोडवायची म्हणतायत, दाखला काढू का?

कराड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीत आहे, कुस्तीत चांगला आहे, येत्या फेब्रुवारीत 14 पूर्ण होतील. वडिलांनी आणि वस्तादांनी ठरवलंय की आता शाळा बंद, सांगलीकडच्या तालमीत राहायला पाठवायचं आणि शिक्षण ऑनलाइन. एका ऑनलाइन शाळावाल्याने 38 हजारात "दहावी घरबसल्या" सांगितलंय, वडिलांनी 5 हजार भरून पण टाकलेत. मुख्याध्यापक म्हणतात असा दाखला देता येत नाही, तुमच्यावर केस होईल. ताईंना शाळा सोडवायची नाहीये पण घरात त्यांचं कोणी ऐकत नाही, आणि त्या विचारतायत की पोलिस येतील का आणि मी काय करू.

ताई, आधी पोलिसांचं सांगते म्हणजे तुम्हाला झोप लागेल. कोणी येणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 10 मध्ये 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे असं लिहिलंय, पण ते पाळलं नाही तर पालकांना दंड किंवा शिक्षा असं त्या कायद्यात कुठेच नाही. पण म्हणून मुख्याध्यापक चुकले असं समजू नका. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला त्यांना अडवता येत नाही, कलम 5 प्रमाणे लगेच द्यावा लागतो. पण तुमच्या मुलाची पुढची शाळाच नाहीये. असा दाखला दिला की शाळांच्या ऑनलाइन पोर्टलवर मुलाचं नाव ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे पुढची शाळा नसलेल्या मुलांच्या यादीत पडतं, कोणतीच शाळा ते ओढून घेत नाही आणि मग गुरुजी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमच्या दारात उभे राहतात. मुख्याध्यापकांना नेमकं तेच नकोय, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही ते नको असायला पाहिजे.

होमस्कूलिंग हा शब्द या कायद्यात नाहीच. 14 च्या आत घरी शिकवणं म्हणजे कायद्याच्या काठावर उभं राहणं आहे. 14 पूर्ण झाले आणि आठवी संपली की सक्तीचं शिक्षण संपतं, मग रस्ते मोकळे होतात. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की एप्रिलपर्यंत दाखल्याला हात लावू नका. आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुनर्परीक्षा, तेव्हा हे चार महिने त्याने वर्गात बसून आठवी नीट पास व्हावं. जोर-बैठका पहाटे होतातच की, शाळा अकराची.

आता तो ऑनलाइनवाला. तुम्ही पाठवलेला पावतीचा फोटो मी मोठा करून करून बघितला. वर लोगो, खाली सही, मध्ये "शैक्षणिक मार्गदर्शन शुल्क रु. 5000". बोर्डाचं नाव कुठेच नाही, शाळेचा मान्यता क्रमांक नाही, मुलाची इयत्ता सुद्धा नाही. ही शाळा नाहीच ताई, हा क्लास आहे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी एकच प्रश्न विचारा की दहावीच्या मार्कशीटवर कुठल्या बोर्डाचं नाव छापून येणार. उत्तर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) किंवा राज्य मंडळ आलं तर तो फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता, 38 हजार कशाला? तिसरंच काहीतरी नाव आलं तर उरलेला एक रुपया पण देऊ नका, बोगस बोर्डाच्या मार्कशीटवर अकरावीला कोणी उभं करत नाही. भरलेले 5 हजार लेखी मागा. नाही दिले तर ग्राहक आयोगात जाता येतं, शिक्षण ही "सेवा" धरायची का यावर कोर्टात वाद आहे पण क्लासवाल्या कंपनीच्या बाबतीत तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम राहील.

14 नंतर सरळ मार्ग दोन आहेत. एक एनआयओएस, हे केंद्र सरकारचं, दहावीसाठी 14 पूर्ण पाहिजेत, मराठी माध्यम आहे, पाच विषय, एकदा नोंदणी केली की 5 वर्षांत 9 संधी, परीक्षा वर्षातून दोनदा. स्पर्धांच्या तारखा सांभाळणाऱ्या पोराला हे खरंच सोयीचं आहे. पुढे काही अडतं का म्हणून लोक घाबरवतात, तर मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बसू न देण्याचा नियम सुद्धा दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये रद्द केला होता. दुसरा मार्ग आपला जुना 17 नंबरचा फॉर्म, राज्य मंडळाची दहावी बाहेरून. आपल्याला कोल्हापूर विभागीय मंडळ लागतं, साताऱ्याला आणि सांगलीला तेच. त्याला 14 पूर्ण आणि किमान पाचवी पास लागतं, मूळ दाखला जमा करावा लागतो, मंडळ दरवर्षी परिपत्रक काढतं ते संपर्क केंद्र असलेल्या हायस्कूलमध्ये जाऊन वाचा आणि तारीख चुकवू नका.

पण मी तुमच्या जागी असते तर नववीला पण शाळेतच नाव ठेवलं असतं, आणि हे मी कुस्तीसाठी सांगतेय. शालेय कुस्ती स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या असतात, त्या शाळेच्या नावावर लढल्या जातात. दाखला काढला की एंट्री कोणाच्या नावाने जाणार? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही सगळी शिडी शाळेच्या बोनाफाइडवर चढायची असते, आणि दहावीला खेळाचे सवलतीचे गुण पण या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मागता येतात. हे वडिलांना सांगा, अभ्यासाचं सांगू नका, ते ऐकणार नाहीत. ते म्हणाले की खाशाबा शाळा शिकून ऑलिंपिकला गेले का, तर हो, गोळेश्वरचे खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजला गेले आणि 1952 ला हेलसिंकीत पदक घेतलं. शिवाय जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा, तिथे शासनाच्या खर्चाने खेळ आणि शाळा दोन्ही चालतं.

आता घरातलं. हिंदू पालकत्वाच्या कायद्यात वडील नैसर्गिक पालक लिहिलेत, पण सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच सांगितलंय की आई ही काही फक्त वडील गेल्यानंतरचीच पालक नाही, आणि शेवटी मुलाचं हित बघितलं जातं. यासाठी कोर्टात जा असं मी अजिबात सांगणार नाही, कोर्टाची पायरी चढली की पोराची कुस्ती पण जाईल आणि घर पण. एक साधा अर्ज करा, मुख्याध्यापकांच्या नावाने, "माझ्या मुलाचा दाखला आई व वडील दोघांच्या सहीशिवाय देऊ नये ही विनंती", आवक क्रमांक घालून पोच घ्या. मुख्याध्यापकांवर तो बंधनकारक नाही, पण असा अर्ज फाइलला असताना एकट्याच्या सहीवर दाखला द्यायला कोणीही दहा वेळा विचार करतं.

आणि अजून एक, हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी विट्याकडचे एक वडील आले होते, पोरगं 17 चं, खांदा निखळून कुस्ती सुटलेली, आठवीचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत. दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली, आधारवर वेगळी, आणि "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात "पालकांच्या विनंतीवरून". मुलगा शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली चूक मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव देऊन दुरुस्त होते, शाळा सोडली की तीच दुरुस्ती करताना जीव जातो. ते वडील माझ्यासमोर तो दाखला हातात धरून नुसते बसून राहिले होते. तर उद्याच शाळेत जा, रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर लावून बघा. वयोगटाच्या कुस्तीत तर जन्मतारखेवरूनच पोरं बाद होतात.

तालमीत राहायला पाठवायचंच ठरलं तर आधी तुम्ही स्वतः जाऊन एक रात्र राहून या, पोरं कुठे झोपतात, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, खुराकाचे पैसे कोणाकडे द्यायचे, हे बघा आणि जबाबदार माणसाकडून लिहून घ्या. आणि मुलाला एकदा शांतपणे विचारा हो, तुमच्या पूर्ण पत्रात त्याला काय पाहिजे ते कुठेच नव्हतं. त्याचं उत्तर आणि ऑनलाइनवाल्याचं उत्तर, दोन्ही मला कळवा, मग अर्जाचा मसुदा मी करून देते.