एक गळा, एक पियानो आणि सव्वा तास

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी म्युनिकला असते, जानेवारीत आम्ही तिच्याकडे होतो तेव्हा ती आम्हाला एका गाण्याला घेऊन गेली. शूबर्ट या संगीतकाराचं 'विंटररायझ' (म्हणजे हिवाळ्यातला प्रवास). स्टेजवर एक गायक आणि एक पियानोवाला, बाकी काही नाही, सव्वा तास सलग, मधे टाळ्यासुद्धा नाहीत. मी कुमारजी आणि किशोरीताई ऐकत मोठी झालेली बाई, मला ना आलाप सापडला ना तान, आणि जर्मन तर येतच नाही. पण शेजारच्या आजी शेवटी डोळे पुसत होत्या आणि मला सारखं वाटत राहिलं की आपलं काहीतरी ऐकायचं राहून गेलं. यात ऐकायचं नेमकं काय असतं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण राहून गेल्याची रुखरुख ज्याला लागते त्याला हे गाणं सापडतंच.

या प्रकाराला जर्मनमध्ये 'लीड' म्हणतात. आपल्या भावगीताच्या जवळचं आहे, आधी कविता असते, मग संगीतकार तिला चाल लावतो. फरक असा की इथे पियानोचा प्रत्येक सूरही संगीतकारानेच लिहिलेला असतो आणि गायक त्यात स्वतःचं काही घालत नाही. मग गायकाचं काम काय? तर शब्द. ठुमरीत एकच ओळ दहा वेळा दहा अर्थांनी येते ना, इथे ओळ फार तर एक-दोनदा येते आणि जे काही सांगायचं ते तेवढ्यातच, एखाद्या व्यंजनावर जरा रेंगाळून, एखाद्या ठिकाणी श्वास न घेता, कधी आवाज एवढा बारीक करून की शेवटच्या रांगेतले लोक पुढे वाकतात.

म्हणून माझा पहिला आग्रह, कवितेचं भाषांतर हातात घेऊन बसा. हे टाळून फक्त 'सुरांची मजा' घ्यायला गेलं तर लीड अर्धंही हाती लागत नाही, माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही ऐकलेलंच घेऊ. 24 गाणी, 1827 सालची. प्रेमात हरलेला एक माणूस रात्री मुलीच्या घरातून निघतो आणि बर्फातून चालत राहतो, एवढीच गोष्ट. पहिल्या गाण्यात पियानो एकसारख्या लयीत चालतो, ती त्याची पावलं. तीन कडवी सगळं मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या सुरावटीत आहे आणि शेवटच्या कडव्यात, तुझी झोप मोडत नाही, जाता जाता फाटकावर 'शुभरात्री' लिहून जातो असं तो म्हणतो, तिथे अचानक मेजर लागतं. आपल्या कानाने ऐका, कोमल गंधार शुद्ध होतो!! एरवी शुद्ध गंधार लागला की उजाडल्यासारखं वाटतं, इथे पोटात तुटतं, कारण तो गोड होऊन बोलतोय ते निघून जाण्यासाठी.

आणि शेवटचं गाणं, ज्याला त्या आजी रडल्या असणार. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा हाताने चाक फिरवायचं वाद्य वाजवतोय, ताटली रिकामी आहे, कुत्री गुरगुरतायत, कुणी ऐकत नाही. पियानोचा डावा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त षड्ज-पंचम धरून बसतो. तंबोराच की हो! त्यावर उजवा हात एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो. सव्वा तास कुणाशी न बोललेला तो प्रवासी शेवटी त्या म्हाताऱ्याला विचारतो, मी येऊ का तुझ्याबरोबर, माझ्या गाण्यांना साथ करशील का? आणि गाणं संपतं, उत्तर येतच नाही.

या कविता विल्हेल्म म्युलरच्या. पुण्यामुंबईत जर्मन शिकलेले सगळे ज्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन आले ते ज्याच्या नावाचं, तो ऋग्वेदवाला मॅक्स म्युलर या कवीचा मुलगा. विशी-एकविशीत विल्हेल्मने डायरीत लिहून ठेवलं होतं की मला गाता-वाजवता येत नाही, पण माझ्या शब्दांतली चाल ऐकू येणारा कुणी समानधर्मी कधीतरी भेटेल. शूबर्टच्या रूपाने तो भेटला, पण दोघांची गाठ कधी पडली नाही. सप्टेंबर 1827 मध्ये म्युलर 32 व्या वर्षी गेला, मॅक्स तेव्हा पावणेचार वर्षांचा होता. शूबर्टने त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिली 12 गाणी केली होती, उरलेल्या 12 ना त्याने हात घातला तो ऑक्टोबरमध्ये. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात शूबर्टही गेला, 31 वर्षांचा, शेवटच्या आजारात याच गाण्यांची प्रुफं तपासत होता. हे कळल्यापासून मला ते शेवटचं गाणं नुसतं 'छान' म्हणून ऐकताच येत नाही.

(जाता जाता, याच शूबर्टने 1820 मध्ये कालिदासाच्या शाकुंतलावर ऑपेरा लिहायला घेतला होता, तो अपुरा राहिला. आपलं संगीत शाकुंतल आलं त्याला अजून 60 वर्षं होती.)

प्रश्न : लीड ऐकायला सुरुवात करायचीय पण एकाच गाण्याची पन्नास रेकॉर्डिंग दिसतात. कुणाचं घ्यायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवातीला डीट्रिश फिशर-डीस्काऊ आणि पियानोवर जेराल्ड मूर. शब्द इतका स्वच्छ की भाषा न येणाऱ्यालाही कडवं कुठे वळलं ते कळतं. आणि मूरला 'साथीदार' म्हणून बाजूला ठेवू नका. 1967 मध्ये लंडनला त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला तेव्हा फिशर-डीस्काऊ, श्वार्त्सकोप्फ आणि व्हिक्टोरिया द लॉस आंखेलेस असे तिघं त्याच्यासाठी गायले. यांच्यानंतर हान्स होटर ऐका, जड खर्जाचा आवाज, तोच प्रवासी एकदम थकलेला वाटतो, मग पेटर श्रायरचा टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज ऐका, तोच माणूस कोवळा आणि जास्त असहाय होतो. आवाजाप्रमाणे पट्टी बदलून गायची सरसकट पद्धत आहे, त्यात कुणी काही वावगं मानत नाही.

शूबर्टऐवजी शूमान हा संगीतकार हवा असेल तर त्याचं 'डिश्टरलीब', फ्रिट्झ वुंडरलिशने गायलेलं. 1840 साली, क्लाराशी लग्न झालं त्या वर्षी, शूमानने शंभरावर गाणी लिहिली त्यातली ही 16, शब्द कवी हाइनचे. पहिलं गाणं मे महिन्यातल्या प्रेमाचं, आणि ते संपतच नाही, समेवर न येता हवेत लोंबकळत राहतं, सुखाच्या गाण्यातच पुढचं दुःख दिसतं. वुंडरलिश गेला तेव्हा त्याला 36 पुरी व्हायला काही दिवस बाकी होते, असा उजळ आवाज मी दुसरा ऐकला नाही.

फक्त एक करा, एका बैठकीत पाच गायक ऐकू नका, एक गायक आठवडाभर ऐका.

प्रश्न : 'विंटररायझ' पुरुषाची गोष्ट आहे ना, मग ते बाईने गायलेलं चालतं का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून जोरदार वाद झाला.
— एक वाचक, पणजी

उत्तर : चालतं, आणि गायलंही गेलंय. लोटे लेहमानने 1940 च्या दशकाच्या सुरुवातीलाच गायलं, पुढे क्रिस्टा लुडविग, ब्रिगिटे फासबेंडर. विरहिणीची पदं पुरुष गायक गातातच की आपल्याकडे, भीमसेनजींच्या तोंडी 'पिया' आला म्हणून कुणी उठून गेलं नाही. फासबेंडर ऐकताना दोन गाण्यांत मला ती बाई आहे याचं भान राहतं, तिसऱ्यापासून नुसता चालणारा माणूस. ग्रुपला ते शेवटचं म्हाताऱ्याचं गाणं तिच्या आवाजात ऐकवा, शक्यतो संध्याकाळी, मोबाइलवर नको, बऱ्या स्पीकरवर, म्हणजे तो डावा हात ऐकू येईल.