रोज बुडवून आलेल्या आईला ‘थांबा’ कसं सांगायचं

लेकराच्या अंगावर गुळगुळीत, मोतिया रंगाचे बारीक फोड उठतात. मोलस्कम नावाचा हा कातडीचा विषाणूजन्य आजार. दुखत नाहीत, ताप नाही. पण आज चार दिसले तर महिन्याने वीस. मग आईबाप विचारत सुटतात: हे कशाचं, घरातल्या बाकीच्यांना लागेल का, कापून टाकायचं का, आणि डॉक्टर ‘काही लावू नका’ म्हणतात ते खरं धरायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. एचआयव्ही तपासणी केंद्र आणि किशोरवयीनांचं मैत्री क्लिनिक हे माझं मुख्य काम. पण ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना जे दोन मिनिटांत समजावता येत नाही, तेही माझ्या खोलीत येतं. पुढचं त्यातलंच आहे. ओळख पटू नये म्हणून नावगाव देत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. सहा वर्षांचा पोरगा, त्याची आई आणि आजी. काखेत, बरगडीवर, गुडघ्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढे फोड, प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळगी. डॉक्टरांनी भिंगातून पाहून निदान लिहिलं होतं: मोलस्कम कंटॅजिओसम. आई खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, वेचणीचा रोज बुडवून आली मी. डागदर म्हणते काहीच लावू नको. मंग आली कायले मी येथं?”

बाईचं चुकत नव्हतं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. न वेचलेल्या कापसाचे कोण देणार? दिवस गेला, बसभाडं गेलं, हातात ना ट्यूब ना गोळी. अशा बाईला ‘आपोआप जाते’ एवढं सांगून उठवलं तर ती दवाखान्याच्या फाटकासमोरच्या मेडिकलमध्येच जाणार. ही तर आधीच जाऊन आली होती. पिशवीतून तिने तीन ट्यूबा काढल्या. तिन्ही त्याच जातीच्या, खाज-गजकर्णासाठी सर्रास खपणाऱ्या, आत स्टेरॉइड असलेल्या. त्याने खाज थोडी दबते, पण कातडीची स्वतःची लढायची ताकदही दबते आणि फोडांना रान मोकळं मिळतं. (एक्झिमा असलेल्या लेकराला डॉक्टर मोजून स्टेरॉइड देतात ती गोष्ट वेगळी.) शिवाय बरगडीवर तीन ठिकाणी कातडी जळाली होती. आजीने खर्ऱ्याच्या पुडीतला चुना धुण्याच्या सोड्यात कालवून लावला होता. चामखिळीवर आमच्याकडे हाच प्रयोग चालतो, नाहीतर बिब्बा. दोन्हींनी फोड जातो की नाही कोण जाणे, पण भोवतालची चांगली कातडी नक्की जाते.

मी आजीला रागावले नाही. सासूसमोर सून आधीच अवघडलेली होती. आजी म्हणाल्या, “देवी निंघाली त्याले. आमी पायली हाये देवी.” खरंच पाहिली असणार, त्यांच्या दंडावर लसीचे गोल व्रण होते. त्यांना सांगितलं, “आजी, हा देवीच्याच खानदानातला विषाणू आहे, तुमची नजर तीक्ष्ण आहे. पण देवी १९७५ मध्येच आपल्या देशातून गेली, १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. हा त्यातला गरीब भाऊबंद. कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात जात नाही, आतल्या अवयवांना हात लावत नाही.” शेजारच्या कुणी महारोगाचं नाव काढलं होतं, तीही भीती बाहेर आली. बाजूच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवन १९४९ पासून उभं आहे, तरी आमच्या भागात कातडीवर काही दिसलं की पहिलं हेच नाव निघतं. डॉक्टरांनी तपासलं होतं, तसं काही नव्हतं.

मग मुदत सांगितली, कारण माणूस वाट पाहतो ती तारीख ठाऊक असेल तर. एक फोड साधारण दोन महिने टिकतो. पण एक जातो तोवर दुसरे येतात, म्हणून सगळं अंग साफ व्हायला बहुतेक मुलांना सहा महिने ते दीड वर्ष लागतं, क्वचित त्याहून जास्त. लागण झाल्यापासून फोड दिसायलाच दोन ते सात आठवडे जातात, कधी सहा महिनेही. तेव्हा ‘कुणाकडून आलं’ म्हणून जावेच्या लेकरावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. हे मी मुद्दाम बोलले. दोघी जावांचं त्यावरूनच वाजलं होतं.

आणि थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. पोराचा टॉवेल-दुपट्टा वेगळा. भावंडांनी एकाच बकेटीत, एकाच घासणीने अंघोळ करायची नाही. नखं कापलेली. फोड फोडायचा नाही. आतला पांढरा गर म्हणजेच विषाणू, खाजवलेल्या नखातून तो पुढच्या जागी जातो. कातडी कोरडी असेल तर अंघोळीनंतर खोबरेल किंवा साधं व्हॅसलिन, म्हणजे खाजच कमी होते. उघड्या जागेवरच्या फोडावर पट्टी किंवा बाहीचा सदरा. चुन्याच्या जखमांसाठी मलम डॉक्टरांनी दिलं. आईच्या हातात चिठ्ठी पडली तेव्हा तिचा चेहरा जरा सैलावला, हेही सांगून टाकते.

शाळेने मात्र ‘साफ झाल्यावरच पाठवा’ म्हटलं होतं. वर्षभर? मोलस्कमसाठी मुलाला घरी बसवायची गरज नसते. फोड झाकले आणि टॉवेल वाटून वापरला नाही की पुरे. डॉक्टरांकडून तशा दोन ओळी लिहून घेतल्या, गुरुजींशी फोनवर बोलले. पोरगा सोमवारपासून गेला.

बापाचा फोन रात्री आला. त्याने मोबाइलवर वाचलं होतं की बर्फासारखं थंड औषध लावून हे जाळता येतं. “मॅडम, थेच ना जे जनावराच्या दवाखान्यात टाकीत राहते?” हो, तेच. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तो द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. त्वचारोगतज्ज्ञ तो फोडावर मोजून काही सेकंद लावतात. पशुवैद्यकाच्या ओळखीतून आणून घरी लावण्याची गोष्ट नव्हे ती, आणि सहा वर्षांच्या पोराला ते झोंबतंही. दुसरा मार्ग म्हणजे बारीक चमच्यासारख्या हत्याराने फोड खरवडून काढणं; आधी बधिर करणारं मलम लावून. मोजके फोड असतील, पोरगं स्थिर बसत असेल, तर झटपट काम होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं ५ ते १० टक्क्यांचं द्रावणही डॉक्टर देतात. ते काडीने फक्त फोडावर टेकवायचं, जळजळ होते. अमेरिकेत कँथॅरिडिन या फोडावर लावायच्या औषधाला २०२३ मध्ये आणि बर्डाझिमर या जेलला २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यांच्या जाहिराती बापाला दिसल्या होत्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती नावं घेऊन फिरू नका, म्हटलं. इमिक्विमोड मलमही कुणीतरी सुचवलं होतं. मोठ्या चाचण्यांत लहान मुलांमध्ये ते औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कोणताही एक उपाय ठामपणे गुणकारी आढळला नाही. म्हणून निरोगी पोराला दुखवून, डाग पाडून घाई करण्याचं कारण नसतं. फोड फार पसरले, सारखे पिकू लागले, खाजेने झोप जात असेल, चेहऱ्यावर आले, पोरगं लाजून घराबाहेर पडेना, तर मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जरूर जावं.

काही महिन्यांनी आई घाबरून आली. फोड लाल, सुजलेले. “पिकलं वाटते जी.” डॉक्टरांनी दाबून पाहिलं. पू नव्हता, ताप नव्हता, पोरगा खेळत होता. शरीराने विषाणू ओळखला की अशी लाली येते आणि बहुतेकदा ती फोड जाण्याची खूण असते. अँटिबायोटिक दिलं नाही. ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा पू दिसला तर लगेच यायला सांगितलं.

त्याच काळात पंचविशीचा एक तरुण दार लावून बसला. लग्न ठरलेलं. जांघेत हेच फोड. वस्तऱ्याने केस काढल्यावर रांगेने वाढलेले. त्याच्या मनात एकच शब्द होता, एड्स. मोलस्कम म्हणजे एचआयव्ही नव्हे. पण मोठ्या माणसाला या जागी ते बहुतेकदा शरीरसंबंधातून लागतं, म्हणून एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी करून घ्यायची; चेहऱ्यावर मोठे, भराभर वाढणारे फोड असतील तर नक्कीच. तपासणी मोफत, संमतीशिवाय होत नाही आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. यात थांबायला सांगत नाही. जोडीदाराला लागू नये म्हणून फोड काढून टाकतात. निरोधने धोका कमी होतो, पण जांघेची कातडी तो झाकत नाही, म्हणून फोड जाईपर्यंत संबंध टाळायचा, वस्तरा बंद. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकची (गुप्तरोगांच्या उपचार केंद्राची) चिठ्ठी आणि १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक त्याला दिला. लहान मुलाच्या जांघेत फोड दिसले तर मात्र लगेच भलता संशय घेऊ नये. खाजवलेल्या हातानेही ते तिथे पोचतात. दुसरी काही शंका असेल तर डॉक्टरांशी मोकळं बोलावं.

पोराचं अंग पुढच्या पोळ्यापर्यंत साफ झालं. त्याच्या धाकट्या बहिणीला दोन फोड आले तेव्हा आई दवाखान्यात आली नाही, आशाताईजवळ निरोप दिला की टॉवेल वेगळा केला आहे. तिसरा पापणीच्या कडेला उठला तेव्हा मात्र आली, आणि बरं केलं. पापणीवरच्या फोडाने डोळा लाल होऊन चुरचुरत राहतो. तिथे घरचं काहीच लावायचं नसतं. त्याच दिवशी पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.