वाचकांचे प्रश्न : एआय आणि विद्यार्थ्याचा अहवाल

प्रश्न : पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याचा अहवाल एआय-शोधक सॉफ्टवेअरने '८२ टक्के यंत्रलिखित' ठरवला. विद्यार्थी ठाम नाकारतो. गुण कापावेत का?

उत्तर : केवळ त्या आकड्यावर मुळीच नाही. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यांच्या लांबीत किती चढउतार आहे, अशा खुणांवरून हे शोधक अंदाज बांधतात. त्यामुळे साधे, ठरावीक धाटणीचे लिहिणारा माणूसही त्यात अडकतो आणि परक्या भाषेत लिहिणाऱ्याला तर हा धोका अधिकच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३मध्ये आणलेला शोधक कंपनीच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकला आणि माणसांच्या लेखनापैकी ९ टक्के त्याने यंत्राच्या खात्यात टाकले. अचूकता कमी म्हणून जुलैत तो मागे घेतला गेला. शिवाय यंत्राचा मजकूर थोडा फिरवून लिहिला की शोधकांच्या हातून निसटतो. म्हणजे प्रामाणिक मुलगा सापडतो आणि चलाख सुटतो. हा अन्याय आहे.

त्याऐवजी विद्यार्थ्याला समोर बसवून विचारा : हाच नमुना का निवडला? हे कोष्टक कसे तयार केले? कोणता संदर्भ वाचून बाजूला ठेवला? फाइलचा आवृत्ती-इतिहासही मागा. टप्प्याटप्प्याने वाढलेला मजकूर आणि एका क्षणात चिकटवलेली दहा पाने त्यात वेगळी दिसतात. पण चिकटवणे हाही पुरावा नव्हे. काही जण दुसऱ्या फाइलमध्ये लिहून आणतात.

खरा उपाय पुढच्या सत्रात आहे. १०० गुण फोडा : आराखडा १०, टिपणांसह कच्चा मसुदा २०, अंतिम अहवाल ४०, तोंडी ३०. साठ जणांची प्रत्येकी पाच मिनिटे तोंडी घेतली तरी पाच तास होतात. तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच राखा, नाहीतर तोंडी हमखास गुंडाळली जाते. एआय कशासाठी चालेल (भाषा तपासणे, शंका विचारणे) आणि कशासाठी नाही, हे प्रकल्पाच्या सूचनापत्रातच लिहा.

प्रश्न : चॅटबॉटने दिलेले संदर्भ प्रबंधात वापरावेत का?

उत्तर : प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय नको. चॅटबॉट शक्यतेनुसार शब्द जुळवतो. म्हणून खरा लेखक, खरे नियतकालिक आणि अस्तित्वातच नसलेला लेख अशी जोडी सहज तयार होते. डीओआय क्रमांक (लेखाची कायमची ऑनलाइन ओळख) असला तर तो उघडून शीर्षक आणि वर्ष ताडून पाहा. लेख सापडला तरी तुमचे विधान त्यात खरेच आहे का, ते वाचा. लेख खरा पण विधान त्यात नाही, ही चूक सर्वांत उशिरा लक्षात येते.

चॅटबॉटचा खरा उपयोग सरावाला आहे. आधी स्वतः उत्तर लिहा, मग त्यातले कच्चे दुवे दाखवायला सांगा. मुलाखतींच्या नोंदी किंवा सहभागींची नावे मात्र त्यात कधीही टाकू नका.