देणगीदार लोक सामाजिक संस्थांना सोडून विद्यापीठांना पैसे का देतात? आपल्या कोकणातल्या छोट्या संस्थेला त्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, आणि बराच आहे. मी हर्णैला मच्छी सुकवणाऱ्या बायकांच्या बचत गटांबरोबर काम करते. आमच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या, पावसाळ्यात एकमेकींना चिकटून जायच्या, मग ऑडिटच्या वेळी रडारड. ताडपत्रीला, जाळीला पैसे देणारे भेटतात हो, पण हिशोब, कायदा, कामाचं मोजमाप हे शिकवायला कोणी देत नाही, आणि ते शिकलेली माणसं तयार कुठे होणार, विद्यापीठातच ना!

मुंबईचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तेच बघा, १९३६ ला सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून सुरू झालं आणि समाजकार्य शिकलेल्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या. अझीम प्रेमजी विद्यापीठ २०१० चं, तेही दानातूनच उभं राहिलंय. अशोका विद्यापीठात तर दान आणि सामाजिक संस्था ह्याच विषयावर संशोधन करणारं केंद्र आहे.

तुम्ही आधी एवढं करा, आयकर सवलतीची १२ए, ८०जी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी नीट करून ठेवा, नाहीतर मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्यातले जे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, त्यातलं थेट काही मिळणार नाही. आणि समाजकार्याच्या कॉलेजला पत्र लिहून फील्डवर्कसाठी विद्यार्थी मागा. आमच्याकडे आलेल्या पोरीनं रोज पहाटे बंदरावर उभं राहून कुठला माल कितीला गेला त्याचा तक्ता केला, बायका आता भाव सांगताना तोच तक्ता काढून दाखवतात.